जुन्या चित्रपटांचा प्रश्नखेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार जुने चित्रपटवेडे एकत्र जमले की दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, ‘बरं, मला एक सांगा...’ आणि खेळ सुरू होतो. आमच्या मंडळीत प्रश्न काढायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. नवे येतात ते त्याच त्याच शंका विचारतात, जुने त्याच त्याच मुद्द्यांवर भांडतात. दोघांसाठी एकदाच लिहून ठेवतो.

‘जुना चित्रपट’ म्हणजे किती जुना?

आम्ही १९७५ला रेघ मारली आहे. त्यामागे शास्त्र वगैरे काही नाही. ‘शोले’ आत घ्यायचा होता, एवढंच.

कृष्णधवल म्हणजे जुना, ही व्याख्या मात्र कोणी आणू नये. ‘गॉन विथ द विंड’ आणि ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हे दोन्ही १९३९चे, आणि दोन्ही रंगीत (दुसऱ्याची सुरुवात आणि शेवट सोडून). उलट हिचकॉकने ‘सायको’ १९६०मध्ये कृष्णधवल केला, आणि त्याआधी तो कितीतरी रंगीत चित्रपट करून बसला होता. रंग म्हणजे पैसा, तंत्र आणि दिग्दर्शकाची मर्जी. त्यावरून वय काढता येत नाही.

मी फारसं काही पाहिलेलं नाही. आलो तर चालेल?

चालेल. नव्याने पाहणाऱ्याचे डोळे ताजे असतात. भिंतीवरचं घड्याळ किती वाजल्याचं दाखवतं हे त्याला दिसतं. वीस वेळा पाहिलेला मनात गाणं गुणगुणत बसलेला असतो.

नक्की कोणकोणते खेळ खेळता?

संवाद ओळखा, चेहरा न दाखवता फक्त हात किंवा पाठ दाखवून नट ओळखा, श्रेयनामावलीतली एक पाटी दाखवून चित्रपट ओळखा, हे नेहमीचे. मूक अभिनयाचा खेळ, ज्याला लहानपणी सगळे ‘दमशराज’ म्हणायचे, तोही होतो. मूकपटांच्या फेरीत तो विशेष रंगतो.

पण माझा जीव ‘साखळी’त अडकलेला आहे. दोन नटांची नावं द्यायची. पहिल्याबरोबर ज्याने काम केलं त्याच्यावरून पुढे, असं करत करत दुसऱ्यापर्यंत पोहोचायचं. ज्याच्या कड्या कमी, तो जिंकला.

एकदा मी ‘गोविंदराव टेंबे ते ऋषी कपूर’ अशी साखळी दिली. एक टोक १९३२मध्ये, दुसरं १९७३मध्ये. लोकांनी कागद घेतले. कोणी सोहराब मोदींकडे वळलं, कोणी पृथ्वीराज कपूर ते राज कपूर असा वंशवृक्ष काढायला लागलं. एकाची साखळी सहा कड्यांची झाली आणि त्याला ती बरीच छोटी वाटत होती. मागे बसलेल्या एका आजींनी चष्मासुद्धा न काढता सांगितलं, ‘दुर्गाबाई.’ झालं! ‘अयोध्येचा राजा’मध्ये टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे तारामती, आणि ‘बॉबी’मध्ये त्याच दुर्गाबाई डिंपलच्या आजी. मधे फक्त एक माणूस. एकेचाळीस वर्षं एका बाईने दोन हातांनी धरून ठेवलेली.

तशीच दुसरी जोडी : बस्टर कीटन ते मार्लन ब्रँडो. मूकपटांतला दगडी चेहऱ्याचा विनोदवीर आणि अभिनयाच्या नव्या शैलीचा बादशहा. दुवा आहे चॅप्लिन. ‘लाइमलाइट’मध्ये तो आणि कीटन एकत्र आले. ‘अ काउंटेस फ्रॉम हाँगकाँग’ (१९६७) त्यानेच दिग्दर्शित केला, ब्रँडो त्यात नायक, आणि चॅप्लिन स्वतः जहाजावरच्या म्हाताऱ्या नोकराच्या छोट्याशा भूमिकेत येऊन जातो.

चांगला प्रश्न कसा ओळखायचा?

उत्तर ऐकल्यावर लोक ‘हं’ म्हणाले तर प्रश्न वाया गेला. ‘हो का? म्हणजे मग...’ असं म्हणाले तर जमला.

समजा मी विचारलं, ‘महल’ कोणत्या साली आला? १९४९. हं. आता हाच प्रश्न असा विचारा : ‘आयेगा आनेवाला’ची पहिली तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून कोणाचं नाव छापलं होतं? उत्तर : कामिनी. म्हणजे मधुबालाने पडद्यावर केलेल्या पात्राचं नाव! गाणं ज्या गळ्यातून आलं त्या लता मंगेशकरांचं नाव नव्हतं. तेव्हा पार्श्वगायक खरोखरच पार्श्वभागी असत. या उत्तरानंतर आमच्याकडे अर्धा तास श्रेय या विषयावर बोलणं झालं आणि पुढची फेरी राहून गेली. माझ्या दृष्टीने ही फेरी यशस्वी.

याचाच उलटा प्रश्न मी मुद्दाम लगेच विचारतो. ‘साधी माणसं’ (१९६५) या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटाला संगीत देणारे ‘आनंदघन’ कोण? इथे लताबाईंनी स्वतःच आपलं नाव लपवलं होतं. ‘ऐरणीच्या देवा तुला’ची चाल त्यांची, गळाही त्यांचा. एकीकडे नाव दिलं गेलं नाही, दुसरीकडे घेतलं नाही. दोन प्रश्न शेजारीशेजारी ठेवले की तिसरा न विचारताच लोकांच्या डोक्यात उभा राहतो.

आकड्यांचे प्रश्न मला आवडत नाहीत. त्यातला एक मात्र मी वापरतो, कारण त्या आकड्यामागे माणूस आहे. चॅप्लिनला स्पर्धेतलं एकमेव ऑस्कर कोणत्या चित्रपटासाठी आणि केव्हा मिळालं? ‘लाइमलाइट’च्या संगीतासाठी, १९७३मध्ये. चित्रपट १९५२चा! त्याच वर्षी तो अमेरिकेबाहेर गेला आणि त्याला परत येण्याची वाट बंद झाली. चित्रपट तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये लागलाच नाही, तो लागला १९७२मध्ये, आणि नियमाप्रमाणे तेव्हा पात्र ठरला. अभिनेता आणि दिग्दर्शक म्हणून जग ज्याला ओळखतं, त्याला बक्षीस मिळालं ते संगीतासाठी आणि तेही वीस वर्षं उशिरा.

‘पहिला कोण’ असे प्रश्न तुम्ही का घेत नाही?

कारण त्यानंतर खेळ होत नाही, खटला होतो.

भारतातला पहिला चित्रपट? दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये, ३ मे १९१३. सगळे खूश. तेवढ्यात कोणीतरी उठतं आणि म्हणतं, ‘आणि तोरण्यांचा पुंडलिक?’ दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ त्याच कोरोनेशन थिएटरमध्ये १८ मे १९१२ला, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी लागला होता. मग दुसरी बाजू : तो रंगभूमीवरच्या नाटकाचं चित्रीकरण होता, कॅमेरामन ब्रिटिश होता, फिल्म धुवायला लंडनला गेली होती. मग पहिली बाजू : म्हणून काय झालं, पडद्यावर हललं ना? हे तासभर चालतं. माझं मत विचाराल तर, कथापटाची भाषा वापरून अख्खा चित्रपट इथेच घडवण्याचा मान फाळक्यांचा, आणि धाडसाचा पहिला मान तोरण्यांचा. पण मताला गुण देता येत नाहीत.

पहिला बोलपट? ‘द जॅझ सिंगर’, ६ ऑक्टोबर १९२७. मग तो लावून बघा. बराचसा मूकपट आहे, मधे पाट्या आहेत, गाणी आहेत, आणि तोंडाने बोललेले संवाद अगदी दोन-चार मिनिटांचे. पूर्णपणे बोलणारा चित्रपट १९२८चा ‘लाइट्स ऑफ न्यू यॉर्क’, ज्याचं नावही कोणाला आठवत नाही.

तेव्हा ‘पहिला’ शब्द वापरायचाच असेल तर त्याला कुंपण घाला. ‘पहिला मराठी बोलपट’ म्हणा, ‘अयोध्येचा राजा’ हे उत्तर येईल, १९३२. ‘राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला पहिला चित्रपट’ म्हणा, आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’. तिथे कोणी हरकत घेत नाही. निदान अजून तरी घेतलेली नाही.

साल कोणतं धरायचं?

सामान्य लोकांपुढे पहिल्यांदा लागला ते. हा नियम सोपा वाटतो, पण ‘कासाब्लांका’ने आम्हाला पुरतं छळलं आहे. न्यू यॉर्कला तो नोव्हेंबर १९४२मध्ये दाखवला गेला, सर्वत्र लागला जानेवारी १९४३मध्ये, आणि १९४३च्या चित्रपटांतून त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं ते १९४४च्या सोहळ्यात. तीन साल, तिन्ही बरोबर. आता आम्ही एक वर्ष इकडेतिकडे चालवून घेतो. ज्याला हे पटत नाही त्याने प्रश्न काढायचं काम घ्यावं, मी आनंदाने सोडीन.

मला तो संवाद पाठ आहे, तरी गुण का कापला?

कारण तो संवाद चित्रपटात नाही. पाठांतर चित्रपटाचं नव्हतं, नकलाकारांचं होतं.

‘अरे ओ सांबा, कितने आदमी थे?’ असं गब्बर कुठेही म्हणत नाही. ‘कितने आदमी थे?’ हा प्रश्न हात हलवत परत आलेल्या तिघांना आहे, त्यात कालिया आहे. सांबा वर खडकावर बसलेला. त्याला विचारलं जातं ते सरकारने ठेवलेल्या इनामाबद्दल. दोन वाक्यं लोकांनी जोडून एक केलं.

तसंच ‘कासाब्लांका’तलं ‘प्ले इट अगेन, सॅम’. जगभर फिरलेलं वाक्य, आणि चित्रपटात नाही. नायिका इल्सा म्हणते, ‘प्ले इट, सॅम’. ‘अगेन’ मागाहून लोकांनी चिकटवलं. गंमत म्हणजे ज्याला वाजवायला सांगितलं जातं तो डूली विल्सन प्रत्यक्षात ड्रमवादक होता. पियानो त्याला येतच नव्हता. पडद्यावर बोटं त्याची हलतात, सूर दुसऱ्याचे.

उत्तरावरून वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा?

चित्रपटाचा. हरकत घेणाऱ्याने मिनिट सांगायचं, आम्ही ते लावून बघतो. आठवण पुरावा धरत नाही. नटांच्या मुलाखतीही नाही, कारण चाळीस वर्षांनी सांगितलेला किस्सा प्रत्येक वेळी थोडा देखणा होत जातो.

हा नियम माझ्याच फजितीतून आला. प्रभातच्या ‘संत तुकाराम’वर (१९३६) फेरी होती. मी विचारलं, ‘आधी बीज एकले’ हा तुकारामांचा अभंग चित्रपटात कोणत्या प्रसंगी येतो? एक बाई म्हणाल्या, ‘प्रश्नच चूक आहे, हा तुकारामांचा अभंग नाही.’ मी हसलो. एक गुण कापला, वर ‘पुढे चला’ म्हणालो. रात्री मात्र चैन पडेना. गाथा काढली, सूची चाळली. ‘आ’ संपला, मग धीर सुटून चरणांतही शोधलं. नाही सापडला. सापडणार कसा? ते गीत शांताराम आठवल्यांनी त्या चित्रपटासाठी लिहिलं होतं. इतकं तुकोबांच्या मुशीतलं की भलेभले ते गाथेतलं समजून चालले. पुढच्या वेळी बाईंचा गुण परत केला, एक वरून दिला, आणि त्या फेरीला प्रश्न त्यांनीच काढले. फार अवघड होते.

मोबाइलवर शोधून उत्तर दिलं तर?

कळतं. तारखेसकट, पूर्ण वाक्यात उत्तर आलं की कळतं.

मूकपट बघवत नाहीत. माणसं पळतात का सगळी?

पळत नव्हती, आपण पळवतो. मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रं, आणि वेग कॅमेरामनच्या मनगटावर. बोलपट आल्यावर ध्वनीसाठी वेग एकच ठरवावा लागला, चोवीस. तीच जुनी रिळं चोवीसच्या वेगाने सोडली की मैतालासुद्धा धावतपळत नेतात. नीट वेगाने दुरुस्त केलेली प्रत मिळवा, अर्धी तक्रार तिथेच संपेल.

सुरुवात कीटनच्या ‘द जनरल’ (१९२६) पासून करा. त्यात जळत्या पुलावरून आगगाडीचं इंजिन नदीत कोसळतं. ते खरं इंजिन आहे, खरी नदी आहे. एकदाच घेता येणारं दृश्य. कोसळल्यानंतर सेनाधिकाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा.

आणि अभिनेत्री मिळत नसतानाचा काळ बघायचा असेल तर अण्णा साळुंके. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये ते तारामती, आणि १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता, दोन्ही तेच! ‘दुहेरी भूमिका’ या फेरीत आम्ही यावर दुप्पट गुण देतो.

जो चित्रपट आज अस्तित्वातच नाही, त्यावर प्रश्न विचारता येतो का?

येतो, पण ‘काय दिसतं’ असा विचारता येत नाही. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, त्यात सात गाणी होती, हे ठाऊक आहे. छायाचित्रं आहेत, जाहिराती आहेत. चित्रपटाची एकही प्रत नाही. ‘दे दे खुदा के नाम पे प्यारे’ कसं वाजत होतं हे कुठल्याच तबकडीवर उरलेलं नाही.

हे एकट्या आपल्याकडचं रडगाणं नाही. अमेरिकेतल्या मूक कथापटांपैकी सुमारे ७० टक्के पूर्णपणे नाहीसे झाले आहेत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, जी पेट घेते आणि पडून राहिली तरी कुजते. शिवाय बोलपट आल्यावर मूकपटाला गिऱ्हाईक नव्हतं, आणि फिल्मवर चांदी होती. चांदी काढून घेतली, चित्रपट गेला.

तरी आशा सोडू नये. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ची (१९२७) कापलेली दृश्यं गेली म्हणून जग हळहळत होतं. २००८मध्ये ब्वेनोस आयरेसच्या एका संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत निघाली. ओरखड्यांनी भरलेली, १६ मिलिमीटरवर उतरवलेली, पण निघाली. त्या नव्या भागांवर प्रश्न विचारले की जुने जाणकार अडखळतात. त्यांनी चित्रपट पाहिला तेव्हा ती दृश्यं त्यात नव्हतीच.

नंतर रंगवलेली आवृत्ती पाहून उत्तर दिलं तर ग्राह्य?

‘मुघल-ए-आझम’ सोडून नाही. त्याचाही प्रश्न नीट समजून घ्या. १९६०मध्ये तो बहुतांश कृष्णधवल होता, शीशमहालातलं ‘प्यार किया तो डरना क्या’ आणि शेवटाकडचा भाग तेवढा रंगीत. संपूर्ण रंगवलेला २००४मध्ये लागला. मी विचारतो ते मूळ चित्रपटाबद्दल. काळोखातून एकदम आरशांचा रंगीत महाल उघडतो, तो धक्का सगळंच रंगवल्यावर उरत नाही. अनारकलीच्या ओढणीचा रंग मी त्यामुळे आधीच्या दृश्यांसाठी कधीच विचारत नाही.

आवडता चित्रपट सांगायची काही पद्धत आहे का?

दहाची यादी आणू नका. दहांत आठ नावं सगळ्यांची तीच असतात आणि ऐकणारा सुपारी कातरत बसल्यासारखा मान हलवतो. एक चित्रपट, त्यातला एक प्रसंग, आणि तो का, एवढं सांगा.

मी ‘सिटी लाइट्स’चा शेवट सांगतो. १९३१, बोलपट येऊन चार वर्षं झालेली, आणि चॅप्लिन हट्टाने गप्प. त्या शेवटात हातात हात येतो आणि बोटांना जे समजतं ते डोळ्यांना अजून समजायचं असतं. मधले ते दोन-तीन सेकंद. तिथे कोणी बोललं असतं तर चित्रपट पडला असता.

दुसरी पद्धत, जोडी सुचवण्याची. राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ (१९६४) बघा, लगेच दुसऱ्या दिवशी त्यावरून निघालेला ‘मेरा साया’ (१९६६) बघा. ‘या डोळ्यांची दोन पाखरे’च्या जागी ‘तू जहाँ जहाँ चलेगा’ येतं. एकात आशाबाई, दुसऱ्यात लताबाई. एकीकडे दत्ता डावजेकर, दुसरीकडे मदनमोहन. भूत तेच, पण घाबरवण्याची तऱ्हा वेगळी. कोणतं जास्त पछाडतं यावर आमच्यात कायमचे दोन तट आहेत. मी डावजेकरांच्या बाजूचा.

शेवट फोडायचा नाही, हा नियम साठ वर्षांपूर्वीच्या चित्रपटालाही?

हो. ज्याने पाहिलेला नाही त्याच्यासाठी तो आजच लागला आहे. ‘सायको’च्या वेळी चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाच आत सोडायचं नाही, अशी सक्त ताकीद हिचकॉकने थिएटरवाल्यांना दिली होती. आम्ही निदान प्रश्न विचारण्याआधी हात वर करायला सांगतो.

नमुन्याला एखादा प्रश्न द्याल?

घ्या. हिचकॉक आपल्या चित्रपटांत क्षणभर कुठेतरी दिसून जायचा, बस चुकताना, कुत्री घेऊन दुकानातून निघताना. पण १९४४चा त्याचा ‘लाइफबोट’ सगळाच्या सगळा भर समुद्रात एका होडीत घडतो. होडीत मोजकी माणसं, आजूबाजूला पाणी. रस्ता नाही, गर्दी नाही. मग तो दिसला कुठे?

होडीतला एकजण जुनं वर्तमानपत्र वाचत असतो. मागच्या पानावर वजन कमी करायच्या औषधाची जाहिरात आहे, ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन छायाचित्रांची. दोन्हींत हिचकॉक.